मेंदूतला दाह आणि सुगंधी तेलं: शमन कशाचं, किती आणि केव्हा

प्लास्टिकची एक थाळी, तिच्यात ९६ बारीक खळगे. प्रत्येक खळग्यात उंदराच्या मेंदूतून आलेल्या पेशी वाढत असतात. त्यांच्यावर जिवाणूंच्या आवरणातला एक पदार्थ टाकायचा, एक दिवस थांबायचं, पेशींवरचा द्रव काढून घ्यायचा आणि त्यात ग्रीसचं द्रावण मिसळायचं. पेशी खवळल्या असतील तर द्रव गडद गुलाबी होतो. शेजारच्या खळग्यात लवंगेच्या, धन्याच्या नाहीतर दालचिनीच्या तेलातला एखादा रेणू आधीच घालून ठेवलेला असेल, तर तिथला गुलाबी रंग फिका उतरतो. सुगंधी तेलं आणि मेंदूतला दाह या विषयावर जे शोधनिबंध निघाले आहेत, त्यातल्या फार मोठ्या भागाच्या मुळाशी हा फिका गुलाबी रंग आहे.

रंग फिका होतो, याबद्दल आता वाद उरलेला नाही. लिनालूल, युजेनॉल, थायमॉल, कार्व्हाक्रॉल, सिनॅमाल्डिहाइड, जेरॅनिऑल, सिनिओल, बीटा-कॅरिओफायलीन असे एकामागून एक रेणू ही परीक्षा उत्तीर्ण झालेले आहेत. माझ्या मते हा प्रश्न विचारून संपला. खरे प्रश्न त्याच्या पलीकडे आहेत: हा रेणू माणसाच्या मेंदूपर्यंत किती पोचतो, तिथे कोणत्या दारावर थाप मारतो, आणि ज्या पेशींना तो शांत करतो त्यांना शांत करणं दर वेळी रुग्णाच्या हिताचं असतं का. या लेखात रंगाच्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात सांगून मी बाकीच्या तिन्हींपाशी जास्त थांबणार आहे.

आधी त्या पेशींविषयी. पिओ देल रिओ-ओर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने १९१९ साली चांदीच्या क्षारांनी मेंदूचे काप रंगवले, तेव्हा चेतापेशींच्या गर्दीत बारीक फांद्या पसरलेल्या वेगळ्याच पेशी त्याला दिसल्या. त्यांना त्याने मायक्रोग्लिया हे नाव दिलं. या मेंदूच्या स्वतःच्या रोगप्रतिकारक पेशी. मेंदूतल्या एकूण पेशींपैकी ढोबळमानाने दहातली एक मायक्रोग्लिया असते. त्या मुळात मेंदूच्या नाहीतच. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या काळात बलकपिशवीतून निघून त्या मेंदूत शिरतात आणि जन्मभर तिथेच नांदतात, हे २०१० साली उंदरांवरच्या प्रयोगांनी दाखवून दिलं. त्याच्या पाच वर्षं आधी, २००५ मध्ये, जिवंत उंदराच्या मेंदूत सूक्ष्मदर्शकाने डोकावून पाहणाऱ्यांना आणखी एक गोष्ट दिसली होती. तोवर 'निवांत' समजल्या गेलेल्या मायक्रोग्लियाच्या फांद्या क्षणभरही स्थिर नसतात. त्या सतत आजूबाजूचा इलाखा चाचपत असतात. मेलेल्या पेशींचा कचरा उचलणं, चेतापेशींमधले नको असलेले जोड छाटणं, जखमेभोवती कडं करणं, ही सगळी कामं त्यांचीच.

अशी पेशी भडकते कशी? प्रयोगशाळेतला नेहमीचा चटका म्हणजे लायपोपॉलिसॅकराइड, अर्थात एलपीएस. काही जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणाचा हा तुकडा. तो ओळखणारा ग्राही टीएलआर-४ हा आहे, हे ब्रूस ब्यूटलर यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखवलं आणि २०११ च्या नोबेल पारितोषिकात ब्यूटलर यांचा वाटा राहिला. ग्राहीला एलपीएस लागला की पेशीच्या आत निरोपांची साखळी सुरू होते आणि ती एनएफ-कॅपा-बी नावाच्या प्रथिनापाशी येते. एरवी हे प्रथिन दुसऱ्या एका प्रथिनाच्या मिठीत अडकून केंद्रकाबाहेर बसलेलं असतं. निरोप आला की ती मिठी सुटते, ते पेशीच्या केंद्रकात जातं आणि दाहाची जनुकं चालू करतं. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ मध्ये ते शोधलं, तेव्हा ते प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींपुरतंच असेल असं वाटलं होतं. पुढे ते जवळजवळ प्रत्येक दाहाच्या मुळाशी निघालं. त्याच्या हुकुमाने टीएनएफ, इंटरल्यूकिन-१-बीटा, इंटरल्यूकिन-६ हे दाहाचे निरोपे तयार होतात आणि नायट्रिक ऑक्साइड बनवणारं विकरही तयार होतं. नायट्रिक ऑक्साइडचं पुढे नायट्राइट होतं, नायट्राइट ग्रीसच्या द्रावणाला रंग देतं, आणि आपल्या थाळीतला द्रव गुलाबी होतो.

थाळीतल्या पेशी बहुतेक वेळा 'बीव्ही-२' या नावाच्या असतात. इटलीतल्या पेरुज्जा इथे १९९० मध्ये उंदराच्या मायक्रोग्लियात कर्करोगाची जनुकं घालून ही अमर पेशीवंशावळ तयार करण्यात आली. स्वस्त, चटकन वाढणारी, कुठेही पाठवता येणारी. या क्षेत्राची सगळी घोडदौड तिच्या पाठीवर झाली. तिच्या मर्यादाही तितक्याच मोठ्या आहेत, त्यांच्याकडे मी येतोच.

आता तेलांकडे. इथे तेल म्हणजे शेंगदाण्याचं किंवा खोबऱ्याचं नव्हे. वाफेबरोबर उडून येतं आणि गार झालं की पाण्यापासून वेगळं होतं, ते. त्यात मुख्यतः दोन कुळांचे रेणू असतात. एक टर्पीन: दहा कार्बनचे छोटे, जसं धन्याचं लिनालूल, ओव्याचं थायमॉल, संत्र्याच्या सालीचं लिमोनीन, आणि पंधरा कार्बनचे जरा मोठे, जसं मिरी-लवंगेचं कॅरिओफायलीन. दुसरं कूळ लवंगेच्या युजेनॉलचं आणि दालचिनीच्या सिनॅमाल्डिहाइडचं. हे सगळे रेणू लहान आणि स्निग्धप्रेमी असतात. रक्त आणि मेंदू यांच्यामधली जी कडेकोट भिंत बहुतेक औषधांना बाहेरच रोखते, ती हे रेणू तुलनेने सहज ओलांडतात. या विषयाबद्दल शास्त्रज्ञांना वाटणाऱ्या आशेचं मोठं कारण हेच आहे, आणि ते खोटं नाही.

महाराष्ट्राच्या मातीशी या रेणूंचं नातं जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात खानदेशात रोशा गवताच्या भट्ट्या लागत. त्या गवताच्या तेलात बहुतांश जेरॅनिऑल असतं. मुंबई बंदरातून ते पश्चिमेकडे जाई आणि तुर्कस्तानात गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी वापरलं जाई. पहिल्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानातला ओवा जर्मनीला जात असे, तिथे त्यातून थायमॉल काढलं जाई. आणि सांगलीची हळद. हळद म्हटलं की सगळे कर्क्युमिनबद्दल बोलतात, पण कर्क्युमिन हा हळदीचा पिवळा रंग. तो उडत नाही. हळदीचा वास तिच्या तेलाचा असतो आणि त्या तेलातला एक प्रमुख रेणू म्हणजे अ‍ॅरोमॅटिक टर्मेरोन. कोरियन संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं की अल्झायमरशी संबंधित अमायलॉइड प्रथिनाने डिवचलेल्या बीव्ही-२ पेशींमध्ये टर्मेरोन दाहाची साखळी एनएफ-कॅपा-बीपाशीच अडवतं. २०१४ मध्ये जर्मनीतल्या युलिश इथल्या गटाने ते उंदरांच्या मेंदूत थेट टोचलं, तेव्हा चेतापेशींच्या मूळपेशी वाढलेल्या दिसल्या. वर्तमानपत्रांनी लगेच हळद मेंदू दुरुस्त करते असे मथळे दिले. सुई कवटीतून आत गेली होती, पोटातून नव्हे, हा तपशील मात्र मथळ्यांच्या खाली कुठेतरी गडप झाला.

बाकीच्या रेणूंचं थाळीतलं वर्तन थोड्याफार फरकाने असंच आहे, म्हणून प्रत्येकाची कथा सांगत बसत नाही. लिनालूल एनआरएफ-२ हे पेशीचं स्वतःचं गंजविरोधी यंत्र चालू करतं. सिनॅमाल्डिहाइड एनएफ-कॅपा-बी दाबतं. थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल टीएनएफ आणि इंटरल्यूकिन कमी करतात. इतके वेगवेगळे रेणू एकाच परीक्षेत पास कसे होतात, हा प्रश्न मात्र विचारायलाच हवा. कुणी सगळ्यांना पास करतं, तेव्हा शंका विद्यार्थ्यांबद्दल घेऊन चालत नाही, परीक्षेबद्दल घ्यावी लागते.

त्याची कारणं बरीच साधी आहेत. सिनॅमाल्डिहाइड किंवा गवती चहातलं सिट्रॅल हे रसायनदृष्ट्या चिकट रेणू आहेत. प्रथिनांवरच्या गंधकाच्या टोकांना ते जाऊन जडतात. अशा टोकांवरच एनएफ-कॅपा-बी आणि एनआरएफ-२ यांची कळ असते, त्यामुळे दोन्हींवर परिणाम दिसणारच. तो विशिष्ट परिणाम म्हणवत नाही. शिवाय मात्रा वाढवली की हे तेल पेशीच्या पडद्यात विरघळून पेशीच मारतं आणि मेलेली पेशी नायट्रिक ऑक्साइड बनवत नाही. म्हणून चांगल्या प्रयोगात पेशी किती जगल्या याची मोजणी त्याच मात्रेला, त्याच तासाला केलेली असते. घाईच्या प्रयोगांत नेमकी तीच ढिलाई असते. आणि ही तेलं उडतात! एका खळग्यात घातलेलं लिनालूल वाफ होऊन शेजारच्या खळग्यात जातं, प्लास्टिकमध्ये मुरतं. ज्या खळग्यात काहीच घातलेलं नाही असं आपण धरतो, तिथेही थोडं पोचलेलं असू शकतं. आपण किती मात्रा दिली हे कागदावर असतं, पेशीला किती मिळाली हे फार थोडे लोक मोजतात.

या सगळ्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. उंदराच्या मायक्रोग्लिया एलपीएस लागला की नायट्रिक ऑक्साइडचा धुरळा उडवतात. माणसाच्या मायक्रोग्लिया तसं फारसं करत नाहीत. म्हणजे ज्या गुलाबी रंगावर आपण रेणूंची पारख करत आलो, तो रंग माणसाच्या मेंदूतल्या दाहाची मुख्य खूणच नाही. बीव्ही-२ तर उंदराच्या खऱ्या मायक्रोग्लियापासूनही दूर गेलेली आहे. मेंदूतल्या मायक्रोग्लियाची ओळख ठरवणारी कितीतरी जनुकं तिच्यात मुकी असतात. पेशीला मेंदूतून बाहेर काढलं की ती आपलं मेंदूपण विसरते, हे गेल्या दशकात स्पष्ट झालं आहे. त्यात भर म्हणजे बहुतेक प्रयोगांत रेणू आधी आणि चटका नंतर दिला जातो. माणूस डॉक्टरकडे जातो तेव्हा त्याच्या मेंदूतला दाह कित्येक वर्षांचा जुना झालेला असतो.

या गर्दीत एक रेणू मला वेगळा वाटतो: बीटा-कॅरिओफायलीन. २००८ मध्ये झुरिकमधल्या युर्ग गेर्टश यांच्या गटाने दाखवलं की मिरी-लवंगेतला हा रेणू शरीरातल्या सीबी-२ या ग्राहीला नेमका जाऊन बसतो. हा ग्राही गांजाच्या द्रव्यांना प्रतिसाद देणाऱ्या दोघांपैकी एक. पहिला, सीबी-१, चेतापेशींवर असतो आणि नशा त्याच्यामुळे चढते. दुसरा मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवर असतो, मायक्रोग्लिया भडकल्या की त्यांच्यावरही वाढतो, आणि त्याला चेतवलं की दाह उतरतो. कॅरिओफायलीन सीबी-१ ला हात लावत नाही, त्यामुळे नशा नाही.

कुलूप माहीत असलं की खरी परीक्षा घेता येते. २०१४ मध्ये चिनी संशोधकांनी अल्झायमरसारखा विकार असलेल्या उंदरांना कॅरिओफायलीन तोंडावाटे दिलं. त्यांची स्मृती सुधारली, मेंदूतल्या भडकलेल्या मायक्रोग्लिया कमी झाल्या. मग त्यांनी सीबी-२ बंद करणारं रसायनही बरोबर दिलं, आणि फायदा नाहीसा झाला. हा दुसरा भाग मला पहिल्याहून मोलाचा वाटतो. फायदा कुठून येतो हे त्याने सांगितलं. अबुधाबी अमिरातीतल्या अल-ऐनच्या विद्यापीठात २०१६ मध्ये पार्किन्सनसारखा विकार घडवलेल्या उंदरांवर हीच रीत वापरली गेली आणि निकाल त्याच दिशेने आला.

मग रोजच्या जेवणातली मिरी पुरेल का? अल-ऐनच्या प्रयोगात उंदरांना किलोमागे ५० मिलिग्रॅम दिलं होतं. प्राण्याची मात्रा माणसासाठी बदलण्याची जी प्रचलित रीत आहे, तिने साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण अर्धा ग्रॅम येतं. मिरीत तेल दोन-तीन टक्के आणि त्यात कॅरिओफायलीन चौथा हिस्सा धरलं, तर अर्ध्या ग्रॅमसाठी रोज ८० ग्रॅम मिरी लागेल, म्हणजे जवळपास वाटीभर. स्वयंपाकघर आणि औषध यांच्यातलं अंतर इतकं आहे. आमटीला मिरी घातल्याने मेंदूचा दाह शमतो असे जे संदेश फिरतात, त्यांना हे गणित कुणीतरी परत पाठवायला हवं.

लिनालूलचं गणित आणखी बोलकं आहे. थाळीत ते साधारण दहा ते शंभर मायक्रोमोलर मात्रेला वापरतात. माणसाच्या रक्तात किती येतं? १९९२ मध्ये व्हिएन्नात एका पुरुषाच्या पोटावर लॅव्हेंडरचं तेल मिसळलेल्या शेंगदाणा तेलाने दहा मिनिटं मालिश करून रक्त तपासलं गेलं. एकोणीस मिनिटांनी लिनालूल शिगेला पोचलं, मिलिलिटरमागे सुमारे १०० नॅनोग्रॅम, आणि दीड तासात बहुतेक सगळं नाहीसं झालं. १०० नॅनोग्रॅम म्हणजे पाऊण मायक्रोमोलरही नाही. थाळीतल्या मात्रेच्या कुठे दहावा, कुठे शंभरावा हिस्सा, तोही तासाभरापुरता. कॅप्सूल गिळली तर चित्र जरा बदलतं. कोलंबियातल्या मेडेयीनच्या संशोधकांनी २०१६ मध्ये म्हाताऱ्या, अल्झायमरग्रस्त उंदरांना तीन महिने दिवसाआड किलोमागे २५ मिलिग्रॅम लिनालूल दिलं आणि त्यांच्या मेंदूतले रोगाचे अवशेष आणि दाह दोन्ही कमी झाल्याचं सांगितलं. माणसाच्या मापात हे सव्वाशे मिलिग्रॅमच्या आत येतं. जर्मनीत चिंतेवर मिळणाऱ्या लॅव्हेंडर तेलाच्या ८० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये साधारण तिसरा हिस्सा लिनालूल असतं. म्हणजे अंतर आहे, पण ओलांडता न येण्याजोगं नाही. वासाने किंवा मालिशने मात्र ते ओलांडलं जात नाही.

त्या जर्मन कॅप्सूलवर माणसांवरच्या रीतसर चाचण्या झालेल्या आहेत आणि चिंता कमी करण्यात ती लोराझेपाम, पॅरॉक्सेटिन या प्रस्थापित औषधांच्या तोडीने उतरली आहे. पण तिचा परिणाम चेतापेशींवरच्या कॅल्शियमच्या वाटा आणि सिरोटोनिनचे ग्राही यांतून समजावला जातो, मायक्रोग्लियातून नव्हे. सुगंधी तेल मेंदूवर काम करतं एवढ्यावरून ते मेंदूतला दाह शमवतं असं म्हणता येत नाही. जपानच्या कागोशिमा विद्यापीठातला २०१८ चा प्रयोग या बाबतीत लक्षात ठेवण्यासारखा आहे. लिनालूलच्या वासाने उंदीर शांत झाले. ज्या उंदरांची घ्राणशक्ती नष्ट केली होती, ते झाले नाहीत. रेणू फुप्फुसातून रक्तात गेला म्हणून शांत झाले असते तर नाक नसलेलेही झाले असते. वासाचा परिणाम नाकाच्या चेतातंतूंमधून झाला. तो खराच आहे, पण तो आपल्या आजच्या प्रश्नाचं उत्तर नाही.

वासामुळे माणसांवरच्या चाचण्या किती घसरू शकतात, याचं उदाहरण लेमन बामच्या तेलाचं. २००२ मध्ये ब्रिटनमध्ये तीव्र स्मृतिभ्रंशाच्या ७२ रुग्णांच्या चाचणीत हे तेल चोळलं, तेव्हा अस्वस्थता बिनवासाच्या तेलाच्या मानाने बरीच कमी झाली. २०११ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी चाचणी पुन्हा केली, आणि या वेळी तपासणाऱ्यांच्या नाकांना चिमटे लावले, म्हणजे कोणत्या रुग्णाला खरं तेल लावलं आहे हे त्यांना वासावरून कळू नये. खरं तेल आणि नुसतं तेल यांच्यात फरक उरला नाही. नाकाच्या त्या चिमट्यांनी या क्षेत्राला बरंच शिकवलं आहे, निदान शिकवायला हवं होतं.

दालचिनीची गोष्ट आणखी एक वळण दाखवते. सिनॅमाल्डिहाइड यकृतात टिकत नाही. ते सिनॅमिक आम्ल होतं आणि पुढे बेंझोएट होतं, लोणची-सरबतं टिकवायला वापरतात तेच. शिकागोतल्या रश विद्यापीठातले कालीपद पाहन यांनी २००९ मध्ये हा शेवटचा पदार्थ मायक्रोग्लियावर तपासला आणि तोही दाह कमी करतो असं दाखवलं. ही पद्धत मला पटते. पोटात काय गेलं त्यापेक्षा मेंदूपर्यंत काय पोचतं, ते थाळीत घालावं. युजेनॉलला यकृत झपाट्याने साखरेची शेपटी जोडून लघवीवाटे बाहेर काढतं. असं असताना शुद्ध युजेनॉल पेशींवर टाकून काढलेला निष्कर्ष माणसाला किती लागू होईल?

आता सर्वांत अवघड प्रश्न. मायक्रोग्लिया शांत केल्याने मेंदू वाचतो, हे गृहीतच धरलं गेलं आहे. ते इतकं उघड वाटतं की बऱ्याच निबंधांत त्यासाठी एक वाक्यही खर्ची पडत नाही. पण या गृहीताची परीक्षा मोठ्या औषधांनी आधीच दिलेली आहे. मिनोसायक्लीन हे मायक्रोग्लियाला आवरणारं प्रतिजैविक. उंदरांमध्ये ते कमालीचं यशस्वी होतं. स्नायू झिजवणाऱ्या एएलएस या आजाराच्या ४१२ रुग्णांवर ते तपासलं गेलं, आणि २००७ मध्ये निकाल आला तेव्हा औषध घेणाऱ्यांची घसरण न घेणाऱ्यांपेक्षा चौथा हिस्सा जास्त वेगाने झाली होती. सौम्य अल्झायमरच्या ५४४ रुग्णांवर दोन वर्षं तपासलं, तिथे २०२० मध्ये फायदा शून्य. दाहशामक नॅप्रॉक्सेन आणि सेलेकॉक्सिब यांची अल्झायमर टाळण्यासाठी सुमारे अडीच हजार वृद्धांवर सुरू केलेली अमेरिकन चाचणी २००४ मध्ये हृदयाच्या धोक्याच्या भीतीने थांबवावी लागली, आणि पुढच्या पाहणीतही प्रतिबंध दिसला नाही.

आनुवंशिकतेने तर गृहीताची बाजूच उलटवली. २०१३ मध्ये ट्रेम-२ या जनुकातला एक दुर्मीळ बदल सापडला, ज्याने अल्झायमरचा धोका साधारण तिप्पट होतो. ट्रेम-२ मेंदूत मायक्रोग्लियावर असतं, आणि त्या बदलाने मायक्रोग्लिया दुबळ्या होतात, कचऱ्यापाशी धावून जाऊन त्याला वेढा घालण्यात कमी पडतात. म्हणजे निदान या लोकांच्या बाबतीत पहारेकरी जास्त भडकल्याने नव्हे, सुस्त राहिल्याने रोग बळावतो. मायक्रोग्लियाची 'वाईट' आणि 'चांगली' अशी दोन खणांत वाटणी करण्याची जुनी रीतही आता तज्ज्ञांनी सोडली आहे. एकेका पेशीची जनुकं वाचता येऊ लागल्यावर दिसलं की त्यांच्या अवस्था कितीतरी आहेत आणि त्या रोगाच्या टप्प्याबरोबर बदलतात. हे सगळं लक्षात घेतलं की फिका गुलाबी रंग ही आनंदाची बातमी आहे की नाही, हेही छातीठोकपणे सांगता येत नाही. सुगंधी तेलांवरच्या निबंधांमध्ये हा प्रश्न फार क्वचित भेटतो, आणि याची मला खरोखर खंत वाटते. टीएनएफ कमी झालं हे मोजताना, त्याच पेशी कचरा उचलत राहिल्या का, हे मोजायला एक जादा खळगा लागतो.

माणसापर्यंत सर्वांत पुढे पोचलेला रेणू कोणता, तर आपल्या परिचयाचा: बोर्निऑल. आयुर्वेदात ज्याला भीमसेनी कापूर म्हणतात, तो मूळचा सुमात्रा-बोर्निओकडच्या उंच झाडांच्या खोडात साठणारा बोर्निऑल. चिनी वैद्यकात त्याला बर्फाच्या कापांचं नाव आहे आणि इतर औषधांना वाट उघडून देणारा म्हणून तो वापरला जातो. आधुनिक प्रयोगांत तो रक्त-मेंदू भिंत सैल करतो असं दिसलं, आणि दाहही उतरवतो. चीनमध्ये एडाराव्होन या जुन्या औषधात त्याचं एक रूप, डेक्सबोर्निऑल, मिसळून पक्षाघातासाठी इंजेक्शन तयार झालं. १,१६५ रुग्णांच्या चाचणीत निम्म्यांना नुसतं एडाराव्होन आणि निम्म्यांना मिश्रण दिलं. नव्वद दिवसांनी जवळजवळ पूर्ण सावरलेल्यांचं प्रमाण अनुक्रमे ५८.९७ आणि ६७.१८ टक्के निघालं. निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्हीकडे एडाराव्होन होतंच, त्यामुळे फरकाचं श्रेय बोर्निऑलकडे जातं. ही रचना मला फार आवडते, कारण एकाच सुगंधी रेणूचं वजन तिने वेगळं करून दाखवलं. पुढे जिभेखाली ठेवायच्या गोळीची ९१४ रुग्णांवर चाचणी झाली आणि २०२४ मध्ये निकाल आला: ६४.४ विरुद्ध ५४.७ टक्के. त्या चाचणीत बिनऔषधाच्या गोळीतही नावापुरतं बोर्निऑल घातलं होतं, चवीवरून कुणाला ओळखता येऊ नये म्हणून. नाकाच्या चिमट्यांचा धडा इथे कुणीतरी नीट गिरवला होता.

हा फायदा मायक्रोग्लिया शांत झाल्यामुळे झाला का? ते या चाचण्यांनी सिद्ध केलेलं नाही. बोर्निऑलने भिंत सैल करून एडाराव्होनला आत नेलं असेल, चेतापेशींचा अतिरेकी उत्साह दाबला असेल, किंवा तिन्ही मिळून झालं असेल. रुग्ण सगळे चीनमधले होते. तरी पक्षाघातात दाहाची लाट ठरावीक दिवसांत येऊन जाते, औषध पहिल्या ४८ तासांत सुरू होतं आणि चौदा दिवसांत थांबतं. अल्झायमरमध्ये मिनोसायक्लीन आणि इतर दाहशामकं का हरली आणि इथे काहीतरी का जमलं, याचं उत्तर मला या वेळेच्या गणितात दिसतं. भडकलेली पेशी केव्हा थोपवायची आणि केव्हा तिला तिचं काम करू द्यायचं, हा निर्णय रेणूच्या निवडीइतकाच मोठा आहे.

पुढची वाट यातूनच दिसते. माणसाच्या त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशींपासून मूळपेशी आणि त्यांच्यापासून मायक्रोग्लिया बनवता येतात. उंदराच्या बीव्ही-२ ऐवजी त्या वापराव्यात. तेल दिल्यावर मेंदूत आणि मेंदूजलात रेणू किती आला ते मोजावं, आणि थाळीत तेवढाच घालावा. चटका आधी द्यावा, रेणू नंतर. जिवंत माणसाच्या मेंदूतल्या भडकलेल्या मायक्रोग्लिया पेट स्कॅनवर अंदाजाने पाहता येतात. त्या चित्रात इतर पेशीही उमटतात, तरी हातात काहीच नसण्यापेक्षा ते बरं. आणि तेल वापरायचं असेल तर ते नेमकं कोणतं, हे लिहावं. एकाच नावाच्या तुळशीच्या दोन वाफ्यांत एकात युजेनॉल प्रमुख असतं, दुसऱ्यात लिनालूल. 'तुळशीच्या तेलाचा परिणाम' असं लिहिणारा निबंध त्यामुळे दुसऱ्याला पुन्हा करूनच पाहता येत नाही.

बोर्निऑल आणि साधा कापूर यांच्या रेणूंत फरक आहे फक्त दोन हायड्रोजन अणूंचा. पहिला पक्षाघातावर तपासला जातो आहे. दुसरा लहान मुलाच्या पोटात गेला तर काही मिनिटांत आकडी आणतो. अमेरिकेत १९८३ पासून घरगुती मलमांत ११ टक्क्यांहून जास्त कापूर घालायला बंदी आहे, ती याच कारणाने. तिथे २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या डॉक्टरांनी कापरामुळे आकडी आलेल्या तीन लहानग्यांची नोंद प्रसिद्ध केली. दक्षिण भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनीही निलगिरी आणि कापराच्या तेलांनंतर आकडी आलेल्या रुग्णांच्या नोंदी मांडल्या आहेत. बाजारात भीमसेनी म्हणून जो खडा मिळतो, तो बोर्निऑलच असेल याची काही खात्री नसते.

माझ्या भाचीने तिच्या सहा महिन्यांच्या बाळाच्या दुपट्याला सर्दीसाठी कापराची पुरचुंडी बांधली होती. मेंदूच्या दाहावरही कापूर चांगला, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. मी तिला दोन हायड्रोजनची गोष्ट सांगितली आणि ती पुरचुंडी तिनेच सोडून देवघराच्या वरच्या फडताळात, बाळाचा हात कधीच पोचणार नाही अशा जागी ठेवली.